जर्मनीला बारा लाख पाठवायच्या आधी खातं कसं तपासलं

पोरगा सप्टेंबरमध्ये जर्मनीला गेला, दिवाळी पण झाली, घर शांत झालंय म्हणून आता बसून लिहितेय. जून-जुलैमध्ये मी रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर एकच गोष्ट शोधत होते, परदेशात पैसे पाठवताना समोरचं खातं बरोबर आहे हे कळतं कसं. कुणाला उपयोग होईल म्हणून जसं झालं तसं क्रमानं सांगते, तारखा माझ्या डायरीतल्या आहेत.

आमचं सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे आणि हिशोब मी बघते. सूतवाल्याला, रंगवाल्याला आरटीजीएस करणं रोजचंच, त्यामुळे बँकेत जायची भीती अशी कधी नव्हती. पण ही रक्कम वेगळी होती. एक एफडी मोडली होती, थोडं सोन्यावर काढलं होतं, आणि ते सगळं एकाच वेळी अशा खात्यात जाणार होतं जे आम्ही कधी बघितलं नाही, ज्या बँकेचं नाव नीट उच्चारता येत नाही.

मुलाचं ॲडमिशन लेटर २० जूनला आलं. जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याखाण्याचा खर्च आधीच दाखवावा लागतो, त्यासाठी ब्लॉक्ड अकाउंट काढतात, तिकडं त्याला श्पेरकोंटो म्हणतात. १ सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ युरो मिळतात. पोरानं असं खातं काढून देणाऱ्या एका जर्मन कंपनीकडं २३ तारखेला ऑनलाईन अर्ज केला आणि २५ जूनला त्याच्या लॉगिनमध्ये एक पानाची पीडीएफ आली. पैसे कुणाच्या नावानं पाठवायचे ते त्या कंपनीचं नाव, आयबॅन म्हणजे तिकडचा खाते नंबर, बीआयसी म्हणजे बँकेचा कोड, बँकेचं नाव-पत्ता, आणि खाली ठळक अक्षरात एक रेफरन्स नंबर, हा नंबर लिहिल्याशिवाय पैसे पाठवू नका असं. मला तेव्हा वाटलं झालं की मग, हे घेऊन बँकेत जायचं आणि फॉर्म भरायचा.

३० जूनला सोमवारी गेलो. जिथं आमचं वीस वर्षांचं खातं आहे त्या शाखेत म्हणाले आमच्याकडं फॉरेक्स होत नाही, सात रस्त्याजवळच्या मोठ्या शाखेत जा. तिथं गेलो तर ते काम बघणाऱ्या मॅडम रजेवर, उद्या या. म्हणून पहिली टीप, आधी फोन करून विचारा की परदेशी पैसे पाठवायचं काम कुठल्या शाखेत होतं आणि ते करणारा माणूस आज आहे का.

१ जुलैला मॅडम भेटल्या. स्वभावानं चांगल्या, घाई नाही. कागद सांगितले: पाठवणाऱ्याचं पॅन, मुलाचा पासपोर्ट, ॲडमिशन लेटर, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, नातं काय आहे त्याचं सेल्फ डिक्लेरेशन, आणि परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म. हे सगळं एलआरएस नावाच्या स्कीममध्ये येतं, त्यात एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आपला आकडा त्याच्या खूप खाली असतो त्यामुळे ती चिंता नाही.

मी त्यांना सरळ विचारलं, मॅडम, हा नंबर टाकल्यावर समोर नाव दिसतं ना? कारण नवी पेठेत दहा रुपयांची कोथिंबीर घेतली तरी स्कॅन केल्यावर भाजीवालीचं नाव येतं, आणि आता आरटीजीएस-एनईएफटीला पण नाव दाखवायची सोय रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२५ पासून द्यायला लावलीय. त्या म्हणाल्या, नाही ताई, परदेशी पैसे जातात ते स्विफ्टनं, त्याला तसं काही दिसत नाही. तुम्ही जे लिहून द्याल ते आम्ही टाकतो, नंबर साच्यात बसला की सिस्टीम घेते. बरं मग चुकीच्या खात्यात गेले तर? तर आम्ही रिकॉलची, म्हणजे पैसे परत मागायची विनंती पाठवतो, पण समोरची बँक त्या खातेदाराला विचारल्याशिवाय सहसा पैसे काढून देत नाही. आणि नुसते रिजेक्ट होऊन परत आले तरी मधल्या बँकांचे चार्जेस कापून येतात आणि त्या दिवशीच्या बँकेच्या खरेदीच्या, म्हणजे कमी, रेटनं रुपये होतात, म्हणजे तिथंही मार बसतोच.

हे ऐकल्यावर मी म्हणलं आज नको, फॉर्म घरी घेऊन जाते. हे जरा चिडले, एवढ्या लांब आलोय, परत कशाला यायचं म्हणून. पण मी ऐकलं नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी आणि पोरगा बसलो. पीडीएफचं प्रिंट काढून आणलेलं होतं. आयबॅन म्हणजे काय ते आधी समजून घेतलं. जर्मनीचा आयबॅन २२ अक्षरांचा असतो, पहिली दोन अक्षरं डीई, मग दोन तपासणीचे आकडे, मग आठ आकडे बँकेचा कोड आणि दहा आकडे खाते नंबर. डीईनंतर सगळे आकडेच, त्यामुळे कुठंही ओ असल्यासारखं दिसलं तर ते शून्य. चार चार आकड्यांचे गट पाडून पोरगा प्रिंटवरून मोठ्यानं वाचायचा आणि मी लिहायचे, मग मी वाचायचे आणि तो लॅपटॉपवर बघायचा. तिसऱ्यांदा शेवटच्या गटाकडून उलटं वाचत आलो, कारण सरळ वाचताना जीभ सवयीनं पुढं पळते आणि एकसारखे दोन शून्य आले की एक गिळला जातो, हे मला युनिटच्या चलनांच्या, म्हणजे पावत्यांच्या, नंबरवरून माहीत होतं.

बीआयसी, म्हणजे ज्याला आपण स्विफ्ट कोड म्हणतो, तो ८ किंवा ११ अक्षरांचा असतो. पहिली चार बँकेची, पाचवं-सहावं देशाचं, पुढची दोन ठिकाणाची आणि शेवटची तीन शाखेची, मुख्य कार्यालय असेल तर तिथं तीन एक्स असतात. आमच्यात पाचवं-सहावं अक्षर डीई होतं, आयबॅनच्या सुरुवातीशी जुळलं.

मग पोरानं आयबॅन तपासायचा ९७ चा हिशोब दाखवला. आयबॅनची पहिली चार अक्षरं उचलून शेवटी न्यायची, अक्षरांच्या जागी आकडे घालायचे, ए ला १०, बी ला ११ असं करत डी ला १३, ई ला १४, आणि जी मोठी संख्या तयार होते तिला ९७ नं भागायचं. बाकी १ उरली तर नंबर साच्यात बसतो. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटेसुलटे झाले तर बाकी १ येत नाही. हे करून देणाऱ्या वेबसाईट आहेत पण मला हातानं करायचं होतं. जुन्या वहीच्या मागच्या पानावर चोवीस आकडी संख्या लिहून शाळेतल्यासारखा भागाकार करत गेले, ९७ चा पाढा बाजूला काढून ठेवला, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा खाली १ उरला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पोरगा म्हणाला, आई, आता झोप येईल ना तुला. खरंच आली.

पुढची गोष्ट झाली नसती तर मी हे लिहिलंच नसतं.

३ जुलैला गुरुवारी दुपारी पोराला मेल आला. त्याच कंपनीचं नाव, तोच लोगो, त्याचं पूर्ण नाव बरोबर, आणि मजकूर असा की ऑडिट चालू असल्यामुळे जुनं खातं काही दिवस बंद आहे, खाली दिलेल्या नव्या खात्यावर ४८ तासांत पैसे भरा नाहीतर व्हिसाला उशीर होईल. खाली नवा आयबॅन, नवा बीआयसी, रेफरन्स नंबर. पोरानं मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, आई फॉर्ममध्ये हे नवीन टाक. मी युनिटवर होते, मागांच्या आवाजात काही ऐकू येत नाही म्हणून बाहेर येऊन वाचलं. आणि खरं सांगते, माझाही आधी विश्वासच बसला, कारण व्हिसाला उशीर हे शब्द वाचले की आईबापाचं डोकं चालत नाही.

संध्याकाळी मी वही घेतली आणि नव्या नंबरचा भागाकार केला. हा २० अक्षरांचा होता, सुरुवात एलटी. एल ला २१, टी ला २९. शेवटी बाकी १ च उरली! नंबर साच्यात अगदी नीट बसत होता, बीआयसीमध्ये पण पाचवं-सहावं अक्षर एलटी. म्हणजे दोन दिवसांपूर्वी रात्री ज्या भरवशावर मी झोपले होते तो भरवसा या खात्याबद्दलही तेवढाच होता. ९७ च्या भागाकारानं एवढंच कळतं की नंबर लिहिताना चुकला नाही. ते खातं कुणाचं आहे हे त्यातून कळत नाही, बँकेतल्या सिस्टीमला पण नाही कळत.

एलटी म्हणजे लिथुआनिया. आता लिथुआनियाचं खातं म्हणजे वाईटच असं नाही, युरोपातल्या काही चांगल्या कंपन्यांची खाती तिथं असतात. पण जर्मनीची कंपनी, जर्मनीची बँक, आठ दिवसांपूर्वी दिलेला डीईचा नंबर, आणि अचानक देशच बदलला हे मला पटेना. मग पाठवणाऱ्याचा मेल पत्ता एकेक अक्षर करून वाचला तेव्हा कंपनीच्या नावात एक अक्षर जास्तीचं दिसलं, मोबाईलवर ते अजिबात लक्षात येत नाही.

तरी मला खात्री हवी होती, नुसता संशय नको होता. त्या मेलला उत्तर द्यायचं नाही, त्यातल्या लिंकवर जायचं नाही आणि त्यात दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही हे पोराला आधी बजावलं. त्यानं ब्राउजरमध्ये कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन केलं. आत पीडीएफ तीच, डीईचीच. आतूनच मेसेज टाकला, आणि दुसऱ्या दिवशी ४ जुलैला त्यांच्या वेबसाईटवरच्या नंबरवर फोन लावला. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे त्यांचे नऊ वाजायला आपले साडेबारा होतात, सकाळी दहाला फोन करत बसून उपयोग नाही. वीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक बाई आल्या. पोरानं आयबॅनचे शेवटचे चार आकडे स्वतः सांगितले नाहीत, त्यांना म्हणाला तुम्ही सांगा. त्यांनी सांगितले, जुळले. आणि म्हणाल्या की आम्ही खातं बदलल्याचं मेलवर कधीच कळवत नाही.

फोन ठेवल्यावर आम्ही तिघं बराच वेळ काहीच बोललो नाही. हे उठून पाणी प्याले आणि म्हणाले, बरं झालं तू फॉर्म घरी आणलास.

तो मेल आम्ही जपून ठेवला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, पैसे गेले नसले तरी टाकता येते. पैसे गेले असतील तर मात्र लगेच १९३० ला फोन करायचा आणि त्याच वेळी आपल्या बँकेला कळवायचं, त्यात तासातासाला फरक पडतो.

मधे ६ जुलैला रविवारी आषाढी होती, आमच्या जिल्ह्यात तो आठवडा पंढरपूरचाच असतो, युनिटवरची निम्मी माणसं वारीला गेलेली. त्यामुळे ८ जुलैला मंगळवारी बँकेत गेलो, सकाळी अकराला, कारण त्या दिवशीचा रेट घेऊन व्यवहार व्हायला दुपारच्या आत सगळं पूर्ण असावं लागतं.

मॅडमनी कॉम्प्युटरवर भरायला घेतलं आणि मी म्हणलं, सबमिट करायच्या आधी मला स्क्रीन दाखवाल का, नाहीतर प्रिंट द्या. त्यांनी प्रिंट दिलं. आयबॅन बरोबर होता, मी माझ्या वहीतल्या गटांशी चार चार करून पेन्सिलनं खुणा करत गेले. पण पैसे घेणाऱ्याच्या नावाच्या जागी माझ्या मुलाचं नाव होतं! विद्यार्थ्यासाठी पैसे, म्हणून विद्यार्थ्याचं नाव, असं त्यांनी सवयीनं घातलं होतं. खातं तर कंपनीच्या नावाचं आहे, तिथं पीडीएफमध्ये आहे तसंच कंपनीचं पूर्ण नाव हवं. आणि जिथं रेफरन्स नंबर यायला हवा तिथं नुसतं एज्युकेशन फी लिहिलेलं. त्या एका खात्यात किती पोरांचे पैसे येत असतील, रेफरन्स नसता तर आमचे बारा लाख कुणाचे हे त्यांना कळायला किती आठवडे लागले असते. मॅडमना सांगितलं, त्यांनी लगेच बदललं, उलट बरं झालं सांगितलंत म्हणाल्या. त्या मजकुराच्या जागेत प्रत्येकी ३५ अक्षरांच्या चार ओळी मावत होत्या, म्हणून पहिल्या ओळीत फक्त रेफरन्स नंबर आणि दुसऱ्या ओळीत मुलाचं नाव. ते नावही पासपोर्टवर आहे तसंच, आपल्याकडं वडिलांचं नाव कधी मधे येतं कधी येत नाही आणि आडनाव आधी लिहायची सवय असते, ते इथं चालत नाही.

परपज कोड, म्हणजे पैसे कशासाठी पाठवतोय त्याचा कोड, हा दुसरा मोठा मुद्दा. आमचा एस ०३०५ लावला, परदेशी शिक्षणासाठी फी, हॉस्टेल वगैरे. यावर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक आपल्याकडून घेते तो टॅक्स, ठरतो. २०२५-२६ ला शिक्षणासाठी स्वतःचे पैसे पाठवताना वर्षात दहा लाखांच्या वरच्या रकमेवर ५ टक्के, पण शिक्षण-औषधोपचार सोडून बाकीच्या कोडला २० टक्के होता. आमच्या रकमेवर ११ हजार आणि ४४ हजार एवढा तो फरक होता. हा टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो पण तोवर अडकून पडतो. कुणी म्हणालं निम्मे तुमच्या पॅनवर निम्मे यांच्या पॅनवर पाठवा म्हणजे टीसीएस लागणारच नाही. ते खरं आहे, मर्यादा प्रत्येक पॅनची वेगळी असते, पण दोन वेळा पाठवायचं म्हणजे सगळं दोनदा तपासायचं आणि चार्जेस दोनदा, मला ते नको होतं.

आम्ही मधल्या बँकांच्या कापाकापीसाठी थोडे जास्त धरून १२,००० युरो पाठवले. रेट १०१ रुपये ९० पैसे मिळाला, त्याचे १२,२२,८०० रुपये. टीसीएस ११,१४०. करन्सी बदलण्यावरचा जीएसटी १,०३०. बँकेचं कमिशन १,१८०. चार्जेस सगळे आमच्याकडून, त्याला अवर म्हणतात, त्याचे २,३६०. एकूण १२,३८,५१०. रेटवर घासाघीस करता येते हे मला नंतर कळलं, तुम्ही आधीच विचारा.

मग वाट बघणं. ९ तारखेला काही नाही. १० ला पण नाही. हे दर दोन तासांनी विचारायचे, आलं का. मी बँकेतून स्विफ्ट कॉपी, म्हणजे बँकेनं पुढं पाठवलेल्या मेसेजची प्रत, मागून घेतली, ती मागितल्याशिवाय देत नाहीत. त्यावर ५९ नंबरच्या रकान्यात पैसे घेणाऱ्याचं नाव आणि खातं होतं, ७० मध्ये आपला मजकूर, ७१ ए मध्ये चार्जेस कुणाचे ते, आणि ३६ अक्षरांचा एक यूईटीआर नंबर होता ज्यावरून पैसे कुठं पोचले ते बँक शोधू शकते. ५९ आणि ७० वाचून माझा जीव अर्धा खाली पडला, कारण गेलेत ते बरोबर ठिकाणी गेलेत एवढं तरी दिसत होतं. ११ जुलैला शुक्रवारी संध्याकाळी पोराच्या लॉगिनमध्ये ११,९८५ युरो जमा दिसले. अवर लावूनसुद्धा मधे १५ युरो कापले गेलेच, जास्तीचे पाठवले नसते आणि असे कापले असते तर रक्कम कमी पडली असती. सोमवारी, १४ ला, व्हिसासाठीचं सर्टिफिकेट आलं. मी सिद्धेश्वराला जाऊन आले.

एक गोष्ट मधे वाचली, ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवायच्या आधी नाव आणि आयबॅन जुळतात का हे दाखवावं लागतं. फार चांगलं झालं. पण ते तिथल्या तिथं युरो पाठवण्यापुरतं आहे, आपण इथून स्विफ्टनं पाठवतो त्याला ते लागू नाही, त्यामुळे आपल्याला अजून फोन करूनच विचारायचंय. आणि कंपनी, युनिव्हर्सिटी असं काही नसून नातेवाइकाच्या साध्या खात्यावर पाठवत असाल तर मी आधी थोडी रक्कम पाठवेन, त्यांना व्हिडिओ कॉलवर जमा झालेला आकडा विचारेन, मगच बाकीची. चार्जेस दोनदा जातील, जाऊ देत.

परवा आमच्या शेजारच्या वहिनी पीडीएफ घेऊन आल्या, त्यांच्या मुलीला जानेवारीत आयर्लंडला जायचंय. मी आपली वही काढली आणि सांगायला लागले की पहिल्या दोन अक्षरांनंतर सगळे आकडेच असतात, तर त्यांच्या नंबरमध्ये मधेच चार अक्षरं. आयर्लंडचा आयबॅन पण २२ चाच, पण त्यात बँकेचा कोड अक्षरांत असतो, म्हणजे माझा ओ आणि शून्याचा नियम तिथं चालत नाही, प्रत्येक अक्षर नीट बघावं लागणार. उद्या संध्याकाळी त्यांची मुलगी क्लासवरून आली की तिघी बसणार आहोत, ती वाचणार, वहिनी लिहिणार, मी लॅपटॉपवर बघणार. युनिव्हर्सिटीच्या फी ऑफिसचा नंबर वेबसाईटवरून काढून ठेवायला मुलीला सांगितलंय, मेलमधून नाही.